चाळीस खाचांची थाळी

शनिवारी संध्याकाळी मी पेले धुते.
अंगठ्याएवढे, काचेचे.
थाळीला खाचा चाळीस, पेले एकोणचाळीस;
एक आईच्या हातून फुटला
ज्या वर्षी पाटीच्या दगडाची खाण बंद झाली.
उद्या लागतील अकरा.
तरी धुते सगळेच.
एलुनेड म्हणते, कशाला गं, पाणी काय फुकट आहे?
वेल्समध्ये? फुकटच की.
डोंगरावरून आपल्या पायानं दारात येतं.

पाळक पाच चॅपलांत मिळून एक.
साडेनवाला खालच्या गावात पुनरुत्थान,
अकराला आमच्याकडे,
दोनला तिकडे समुद्राकाठी.
दिवसातून तीनदा उठायचं म्हणजे, ते म्हणतात,
त्याला झेपतं, माझे गुडघे नाही म्हणतात.

भाकर चौकोनी कापते, कडा काढून.
कडा पाखरांना.
रस बाटलीतला, न आंबवलेला.
आमच्या आज्यांनी दारू सोडल्याच्या शपथा
अजून कपाटात आहेत, सहीशिक्क्यासकट.
आज्या मागच्या आवारात,
त्यांच्यावर आज पिवळी फुलं.

इड्वल आला तो हातांना ओलं आयोडिन घेऊनच.
रात्रभर मेंढ्या वीत होत्या.
एक कोकरू गेलं.
त्याचं कातडं सोलून त्यानं
दुसऱ्या एका पोरक्याच्या अंगावर चढवलं,
म्हणजे ती हुंगेल, आपलंच समजेल, पाजेल.
पाजलं का?
पाजलं, म्हणाला,
आणि टोपी काढून आत आला.

मागून हेविन.
सख्खे भाऊ. मध्ये एक गडगा.
त्यातले दगड कोणी सरकवले, किती हात,
कोणाच्या रानात,
डोंगराला माहीत असेल, तो बोलत नाही.
अकरा वर्षं दोघं
एकमेकांच्या कुत्र्यांना नावानं हाका मारतात.
एकमेकांना नाही.
एक डावीकडे बसतो, एक उजवीकडे,
मधल्या वाटेला आम्ही गडगाच म्हणतो.

पण यंदा छप्पर गळलं.
डावीकडची बाकं भिजली, वर ताडपत्री.
सगळे अकरा जण उजवीकडे, दोन बाकांवर.
गळती खरी होती.
बादली मात्र मी जरा लांब ठेवली होती.

पाळकांनी बायांची गोष्ट वाचली:
अंधारात निघाल्या, सुगंधी द्रव्यं घेतली,
आणि वाटेत आठवलं,
धोंड कोण लोटणार?
मला त्या बाया ओळखीच्या वाटतात.
आधी निघायचं. धोंडेचं मग बघू.

आमच्याकडे उठून पुढे जायची रीत नाही.
थाळी बाकावरून हातोहात फिरते.
ज्यानं घेतलं, त्यानं शेजाऱ्यासाठी धरायची.
जड आहे, दोन्ही हात गुंततात,
म्हणजे ज्याच्यासाठी धरली
त्याच्यासमोर तुम्ही काही करू शकत नाही,
फक्त धरून राहता.

इड्वलनं धरली.
हेविनचा हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरतो.
पेला खाचेत किणकिणत राहिला,
बाहेर येईना.
मी मान खाली घातली. सगळ्यांनीच घातली.
किणकिण.
मग थाळी कोणाच्या तरी मांडीवर टेकल्याचा आवाज,
आणि इड्वलचा, मेंढीशी बोलतात त्या सुरात,
एकच शब्द: सावकाश.

त्यानंतर काही झालं नाही.
कोणी गळ्यात पडलं नाही.
सगळ्यांनी एकदम पेले ओठांना लावले,
शेवटचं गीत गायलं, चार सुरांत, अकरा माणसांत,
दोघं आपापल्या फाटकातून गेले.
गडगा होता तिथेच आहे.
मी सोमवारी मुद्दाम बघून आले.

पण रविवारी दुपारी, सांडशीच्या कोमट पाण्यात
पेले घालताना
दोघांवर पिवळा डाग दिसला,
आयोडिनच्या अंगठ्याचा.
एक इड्वलचा असणार.
दुसरा पेला मी उजेडात फिरवून पाहिला,
पुन्हा फिरवला,
चहा निवला तरी.

मग धुतला.
धुवावाच लागतो,
पुढच्या महिन्यात परत लागणार.