पाठपोट

कुताइसीत, नदीकाठच्या माझ्या दुकानात
म्झेविनारबाई पत्र घेऊन आल्या, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
वार्लामचं. चिआतुराच्या मँगनीजच्या खाणीवरून
एकाहत्तर साली आलेलं.

गॅलरीची पोरगी हरखली:
बघा, अक्षरं कशी मांडवावर चढलीत,
द्राक्षाच्या वेलीसारखी, कुठे एक कोपरा नाही,
शाई वळणावर दाटते, उतारावर विरते.
खोटं नव्हतं. चाळीस वर्षं चौकटी करतोय मी,
असा हात कमीच पाहिला.

"आणि मागे?" बाईंनी विचारलं.

मागे कागद संपत आलेला.
ओळी एकमेकींच्या अंगावर,
समासात आडव्या, मग उलट्या, पार घडीच्या खाचेपर्यंत:
शेळीचा पाय बरा झाला का,
लाकडं भिजू देऊ नकोस,
आणि अगदी कडेला एक शब्द, अर्धाच मावलेला.

"पुढचं अक्षर मास्तरांनी घोटून घेतलेलं," बाई म्हणाल्या.
"मागचं माझं."

पोरगी म्हणाली, चित्राला एकच बाजू असते.

मी काही बोललो नाही.
अक्रोडाची पट्टी कापली,
पाठीला पुठ्ठ्याऐवजी दुसरी काच बसवली.
बिलात ती धरली नाही.

सोमवारी गॅलरी बंद. रखवालदार ओळखीचा.
मी खिळ्यावरून चौकट उतरवतो,
उलटी करून बाईंच्या मांडीवर ठेवतो.
चष्मा न लावताच वाचतात त्या.
अर्ध्या शब्दापाशी अंगठा टेकतो, काचेवर.

तो ठसा मी पुसत नाही.
आठवडाभर तो
भिंतीकडे तोंड करून असतो.