निशाणी पटाशी

नंदगडच्या पुढं, जंगल सुरू होतं तिथल्या चॅपेलात
ब्रिजिदाबाई मस्कारेन्हस वर बघतच नाहीत.
वर सोन्याचा मुलामा, द्राक्षांचे घोस, गालफुगे देवदूत,
आणि त्या आपल्या मेजावर वाकलेल्या,
वाळवीनं चाळण केलेल्या हिशेबवहीत.

'आधी कागद,' म्हणतात, 'मग डोळे.
डोळे लाच खातात.'

मला आणलं ते चुकून मोडी निघालीच तर म्हणून.
रोजचे सातशे, जेवण पाद्रीबाबांकडे.
बत्तीस वर्षं खानापुरात खतं वाचली मी,
बांधावरच्या एका आंब्यापायी तीन पिढ्यांची.
कागदाचं आम्हाला काय नवल?
उतारा कन्नडात, खत मोडीत,
पाटी रात्रीतून काळी होते, सकाळी पुन्हा रंगते,
माणूस तिथंच उभा, दाखला मागत.

गावात सगळे सांगतात, वेदी लिस्बनहून आली.
गलबतातून, मग गाडीवरून, चोर्ल्याचा घाट चढून.
मिंगेल पेद्रू तर बैलांची नावंही सांगतो.
बाई ऐकतात, चहा पितात,
वहीत लिहितात : ऐकीव.

तिसऱ्या दिवशी मेण, तेल, तांदूळ, घंटेची दोरी
असल्या खर्चाच्या पानांत
घडी घातलेली चिठी निघाली. मोडी.
मी चष्मा पुसला, मोठ्यानं वाचलं :
शके सत्राशे सेहेचाळीस, श्रावण वद्य पंचमी.
देव्हारा येक, लाकूड फणसाचे,
वेल व पाखरे सुद्धा, मजुरी रुपये अकरा,
पैकी पावले आठ, बाकी येणे तीन.
घेणार सुतार, नाव... मौजे...

आणि तिथं भोक.
काठावर एक उभी रेघ तेवढी उरलेली.
ग असेल. प असेल. स असेल.
माझ्या आईचं माहेर गर्लगुंजी.
ते सुतार.

'गाव?' बाईंनी विचारलं.
घसा कोरडा पडला. पाणी प्यायलो.
एवढंसं अक्षर, कोण बघायला येतंय?
'खाल्लंय, बाई.'
त्यांनी लिहिलं : नाव-गाव गेलं.
माझ्याकडे बघितलंही नाही. बरंच झालं.

मिंगेलला सांगितलं तर तो पायरीवर बसला.
'म्हणजे बैल आलेच नाहीत?'
बाई म्हणाल्या, 'मेज आलं, चावी आली, बिजागरी आली.
शब्द आले, मिंगेल. फणस इथलाच.'
त्याचं समाधान झालं नाही.

चिठीच्या तळाशी, सही असते तिथं,
बोटभर काहीतरी रेखलेलं.
'हा डाग कसला?'
'डाग नव्हे. निशाणी पटाशी.
लिहिता न येणारा सुतार अशी सही करायचा.'

तेव्हा बाईंनी मान वर केली.
द्राक्षांकडे, पाखरांकडे बघत राहिल्या,
चहावर साय धरेपर्यंत.
मग पुन्हा खाली वाकून म्हणाल्या,
'उरलेले तीन दिले का, ते बघा.'

बघतोय.
अजून सोळा पानं आहेत.