एक मिनिट

उद्यमबागेत, बंद पडलेल्या फौंड्रीच्या मागं
भरमाणी मेस्त्रीचं गॅरेज.
पाटीवर कन्नड वर, मराठी खाली,
रंग दोन्हींचा उडालेला.

आत बाकावर दोन इंजिनं, हेड काढलेली.
एक साधं : आमच्याच जुन्या गाडीचं भावंड,
बावीस नंबरचं, तीन लाख दहा हजार.
दुसरं टर्बो. कोल्हापूर पासिंग. सत्तर हजारातच आलंय.

नवी घ्यायची होती मला. म्हटलं, टिकतं कुठलं?

त्यानं वेस्टनं बोटं पुसली,
साध्याच्या सिलिंडरवर नख फिरवलं.
"बघा, होनिंगच्या तिरप्या रेघा अजून हायत.
हे येईल तेवढीच हवा घेतंय.
चोर्ल्याच्या चढाला दुसऱ्यावर येतंय, रडतंय,
मागचे हॉर्न मारतात.
मारू देत की."

मग टर्बोचा शंख उचलला.
बोट लावलं तसं पातं खुळखुळलं,
सैल दातासारखं.
"हे आपणच सोडलेल्या धुरावर फिरतंय.
मिनिटाला लाख, दीड लाख फेरे.
आणि हवा कोंबतंय परत आपल्याच छातीत.
चढ कळतच नाही बघा.
खरं, तेलावर तरंगतंय सगळं."

म्हणजे वाईट हेच?

"वाईट कोण म्हणालं?
जांबोटीचा सटुप्पा गावडे, टर्बोच हाय,
रोज पाहुणे घेऊन दाबोळीला.
अडीच लाख झाले, शंख कंपनीचाच.
पोचला की तो उतरत नाही लगेच.
इंजिन चालू, हात मांडीवर, एक मिनिट.
ह्याच्या मालकाला घाई.
घाट चढला, चहाचं हॉटेल दिसलं, किल्ली बंद.
पातं अजून गरगरतंय, आणि तेल थांबलं.
आत होतं त्याचा कोळसा."

पुढचं बोलता आलं नाही त्याला.
खोकला. बावीस वर्षं फौंड्रीत, वाळूच्या खात्यात.
टायरवर बसला, तळहात वर धरला :
थांबा.
मी थांबलो.
बाहेर कुणीतरी ग्राइंडर लावला, बंद केला.
मग तो उठला, शंख फडक्यात गुंडाळला,
आणि बिलाचं पुस्तक शोधायला लागला.

रात्री टिळकवाडीत, फाटकाशी जुनी गाडी लावली.
साधीच ती. तिला काही लागत नाही.
तरी किल्लीवरचा हात तसाच राहिला.
वरून हिनं विचारलं,
कुणाची वाट बघताय?