एकतीस थेंब

अकोटचा फोटो स्टुडिओ बंद पडला
तेव्हा मालकाने काचेची टाकी मला देऊन टाकली.
तळाशी निळे खडे,
आणि एका पायाने अधू
प्लास्टिकचा पाणबुड्या.

मी शाळेतला प्रयोगशाळा परिचर.
मुलं सुट्टीवर गेली की नळीत पाच मिली पाणी घेतो,
आमच्याच बोअरचं.
आधी ते अंबाडीच्या बोंडांसारखं लाल होतं,
मग एकेक थेंब मोजत जायचं
जवसाच्या फुलासारखं निळं होईस्तोवर.
गोड्या मुलुखात चार-पाच थेंबांत निळं होत असेल.
आमचं एकतिसाव्याला झालं.

खारपाणपट्टा म्हणजे काय हे
इथे कुणाला सांगावं लागत नाही.
नळाच्या तोंडाला पांढरी दाढी,
गावात सात जणांना मुतखडा,
आणि टाकीच्या काचेवर आठ दिवसांत
रांगोळी सांडल्यासारखा क्षार.

तरी मी अकोल्याहून सहा नियॉन टेट्रा आणले,
मोटरसायकलवर, पिशवी शर्टाच्या आत.
दुकानदार म्हणाला, यांना हलकं पाणी लागते, भाऊ,
जरासं आम्लाच्या अंगाचं, साडेसहा.
आमचं आठ पूर्णांक चार.

मी लिंबू पिळलं.
संध्याकाळी कागद सातावर आला,
मी समाधानाने झोपलो.
सकाळी पाणी परत आपल्या जागी,
कोर्टाची पुढची तारीख घेऊन
संध्याकाळच्या एसटीने घरी आलेल्या म्हाताऱ्यासारखं,
जसंच्या तसं, चेहऱ्यावर काही नाही.
पुन्हा लिंबू. पुन्हा सकाळ.
विरघळलेला चुना आम्लाला म्हणतो, ये, बस,
आणि रातोरात पचवून टाकतो.

तिसऱ्या दिवशी दोन मासे खड्यांवर आडवे.
आठ पूर्णांक चारने मारलं नाही त्यांना.
आठावरून सात, सातावरून आठ,
या झोक्याने मारलं.

मग मी घाई सोडली.
ग्रामपंचायतीच्या एटीएमचं पाणी, पाच रुपयांत वीस लिटर,
तीन भाग ते, एक भाग आपलं.
निव्वळ ते नाही चालत,
अगदी कोरं पाणी जरा धक्का लागला की ढळतं.
देशी बदामाची वाळकी पानं आणली तहसीलच्या आवारातून,
पाणी हळूहळू काळ्या चहाच्या रंगाचं झालं.
उपकेंद्रातल्या सिस्टरकडून सलाईनची नळी,
तिला गाठ,
सेकंदाला दोन थेंब.
उरलेले चार मासे बादलीत, आणि मी स्टुलावर,
दोन तास.

पुस्तकला मागे येऊन उभी राहिली.
ती अर्जुनी मोरगावकडली, तळ्यांच्या मुलखातली.
काय करून राहिले?
म्हटलं, एकदम टाकलं तर सहन होत नाही त्यांना,
नव्या पाण्याची थेंबाथेंबाने सवय करावी लागते.

ती नळीकडे बराच वेळ पाहत होती.
मग म्हणाली,
मले त एकदमच ओतलं होतं तुमच्या पाण्यात.

एकतीस वर्षं झाली. मी मोजली नव्हती.
ते पहिलं वर्ष मला आठवतं ते असं की
वरण शिजत नव्हतं.
आई म्हणायची, हिच्या हाताले गुण नाही.
साबणाला फेस येत नव्हता, केसांचा काथ्या झाला,
आणि मी,
ज्याला पाणी मोजता येत होतं,
मी डाळ कडक निघाली म्हणून
दुकानदाराशी भांडून आलो होतो.

दिवाळीनंतर तिचा भाऊ आला,
पाच लिटरची कॅन घेऊन, घरच्या विहिरीचं.
मी नळीत घेतलं.
एक, दोन, तीन, चार. निळं.
माझी नजर टाकीकडे गेली, तिने ती पाहिली,
आणि कॅन उचलून
स्वयंपाकघरात नेली.

दोन शिट्ट्यांत तूरडाळ मेणासारखी शिजली.
तिने पळीवर दाणा घेऊन बोटाने दाबला.
मला दाखवला नाही.
बाहेर नळीचं टिपटिप चालूच होतं.