मुका पट्टा

खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत
अख्खा रेडिओ बसवायचा, असं नोव्हेंबरात ठरवलं.
बोहिन्यच्या कड्यांवर बर्फ उतरलं होतं
आणि शाळा सुटल्यावर करण्यासारखं फार काही नव्हतं.

अंगठीएवढ्या कड्यावर तांब्याची लाल तार,
सत्तावीस वेढे.
एकोणिसाव्याला चहाची किटली शिट्टी द्यायला लागली.
पुन्हा एक.

ट्रान्झिस्टर चार, क्रिस्टल दोन,
जुन्या टेपरेकॉर्डरचं एक बटण, डावीकडे जरा अडणारं.
झाकण लागेना, तेव्हा शेवटचा कॅपॅसिटर
आडवा झोपवला.
म्हटलं, तूही दमला असशील.

ताकद दोन वॅट.
फ्रिजमधला दिवासुद्धा याच्यापुढे श्रीमंत.

सोल्डरचा धूर नाकात गेला की
ओझ्बाल्त आठवतोच, काय करणार.
त्यानेच शिकवलं: आधी जोड तापव, मग शिसं दे.
चमकला तर धरला. मळकट दिसला तर थंड,
आणि थंड जोड घरात चालेल,
डोंगरावर दगा देईल.

तो पलीकडे राहतो, पॉदबर्दोत.
बोगद्यातून गाडीने दहा मिनिटं.
अकरा वर्षांपूर्वी, एका स्पर्धेनंतर,
माझ्या वहीतल्या चार संपर्कांच्या वेळा
त्याने खोट्या ठरवल्या, सगळ्या क्लबसमोर.
घड्याळ कुणाचं चुकलं होतं
ते अजून ठरायचंय.

जूनमध्ये डबी खिशात टाकून चर्ना पर्स्तवर चढले.
नावाचा अर्थ काळी माती,
आणि ती आहेच तशी, बुटांना सोडत नाही.
मासे धरायची सात मीटरची काठी उभी केली,
तिच्या अंगाने तार सोडली,
गवतात बसून, मांडीवर मोर्सची चावी बांधून
साद घातली.

आरहूसहून एक म्हातारा आला, निवांत.
विल्नियसचा कोणी, गाडी पकडायची असल्यासारखा.
पालेर्मोहून एकाने आपलं नाव दोनदा सांगितलं
आणि माझं एकदाही विचारलं नाही.
जवळचं मात्र कुणीच नाही.

उभी तार क्षितिजाशी बोलते.
तिरकी निघालेली लाट वरच्या हवेवर आपटून
हजार किलोमीटरवर उतरते,
मधल्या सगळ्यांच्या डोक्यावरून.
त्या मधल्या भागाला मी मुका पट्टा म्हणते.
ल्युब्लियाना त्यात. माझी शाळा त्यात.
पॉदबर्दो, जिथलं चर्चचं टोक मला इथून दिसत होतं,
तेही त्यातच.
काखेत कळसा, आणि आभाळाला वळसा.

अकराच्या सुमारास वारा उठला
आणि काठी तिसऱ्या पेरात मोडली.
तार जाऊन पडली मेंढ्यांच्या कुंपणावर,
कमरेएवढी उंच, चांगली आडवी.
आता सगळं सरळ वर जाणार
आणि कारंज्यासारखं आपल्याच अंगणात पडणार.
मी शिव्या दिल्या. चॉकलेट खाल्लं.
उरलेल्या बॅटरीला लाज नको म्हणून
एकदा हाक मारून पाहिली.

उत्तर इतकं मोठं आलं
की कानातलं ओढून काढावं लागलं.
नाव यायच्या आधीच हात ओळखला.
शेवटची रेघ तो लांबवतो,
जाताना दार ओढून घ्यावं
पण लावू नये, तशी.

मी रीतसर पाच-नऊ-नऊ दिले.
त्यानेही दिले.
मग बराच वेळ नुसती खरखर,
आणि कुंपणापलीकडे एका मेंढीचं खोकणं.

किती वॅट?
दोन.
कशात बसवलास?
गोळ्यांच्या डबीत.
तार?
काठी मोडली. खाली पडलीय.

सावकाश आलं, नवशिक्याला पाठवावं तसं,
अक्षरा-अक्षरात जागा सोडून:
राहू दे तशीच.

मी राहू दिली.
त्याने विचारलं, तुझ्याकडे किती वाजले?
मनगटावर पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग पाठवलं:
अकरा सतरा.

थोडं थांबून उत्तर आलं.
इकडे अकरा सोळा.