चोवीस तास

सोहारच्या बंदरात मी क्रेनचे सांधे बघतो.
गन निपलला लावायची, दाबत राहायचं
जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत.
सोळा वर्षं हेच.
म्हणून वाटलं होतं, मला कळेल.

पण बेअरिंग पहाटे बिछान्यात बसून म्हणत नाही,
'अब्बा, गुडघा अजून उठला नाही.'

हुदा सात वर्षांची.
वर्षभर ती जिना बसून उतरली,
एकेक पायरी, बुडावर, दप्तर मांडीवर घेऊन,
आणि खालचा बलुची दुकानदार
खेळ समजून टाळ्या वाजवायचा.
आम्हीही खेळच समजलो.
मग वाढीचं दुखणं. मग एसीची थंडी.
दापोलीहून आईचा फोन: एरंडाचं पान बांध.
एरंड इथेही उगवतो, कोरड्या वादीच्या काठाला.
तोही बांधून झाला.

मस्कतची डॉक्टर इजिप्तची.
तिने पालथा हात गुडघ्यावर ठेवला,
कपाळावर ठेवतात तसा, मग दुसऱ्यावर.
म्हणाली, संधिवात.
मी मागे वळून पाहिलं,
कुणी म्हातारं येऊन बसलंय का.

विम्याची मंजुरी अठरा दिवसांनी आली.

मास्क. स्ट्रॉबेरीचा वास येईल, नर्स म्हणाली.
हुदाने बजावलं होतं, सुई बघू नकोस.
मी बघितली.
आधी ओढून घेतलं ते पिवळं,
करडईच्या तेलासारखं, आणि केवढं!
एवढ्याशा गुडघ्यात ती ते घेऊन शाळेत जात होती.
मग त्याच सुईतून औषध, दुधाळ, थोडंसंच.
जोर नाही, आवाज नाही.
डॉक्टरचे ओठ हलले, बिस्मिल्लाह असावं.
दोन्ही गुडघे, डावा घोटा.
सहा महिने पुरेल कदाचित, कदाचित वर्ष,
कदाचित पुन्हा द्यावं लागेल.

आणि चोवीस तास पाय टेकवायचा नाही.

म्हणून ती माझ्या कडेवर.
मोरीत, गच्चीत, दुकानात.
बलुच्याने तिला खारीक दिली, मला खुर्ची.
रात्री तिने विचारलं,
'तुझ्या क्रेनला पण आधी झोपवतात?'
नाही गं, वीज बंद करतो.
'मग तेच की.'

दुसऱ्या दिवशी साडेअकराला,
घड्याळावरची नजर न काढता, 'सोड.'
सोडली.
ती मोरीपर्यंत गेली, परत आली,
आणि थेट जिन्याकडे.
मी मागे, दोन्ही हात पुढे करून, वेड्यासारखा.
सहा पायऱ्या ती उभ्याने उतरली.
सातवीवर थांबली,
माझ्याकडे बघून हसली,
आणि मुद्दाम बसून
घसरत गेली खालपर्यंत.
टाळ्या.

घोट्यापाशी आता एक फिका खड्डा पडलाय,
मसुराच्या दाण्याएवढा.
भरेल म्हणतात, हळूहळू.

रात्रपाळीहून आलो की तीनदा हात धुतो,
तरी ग्रीसचा वास उरतोच.
ती झोपलेली असते.
पालथा हात ठेवतो एका गुडघ्यावर,
मग दुसऱ्यावर.

आज थंड आहेत.