सीट कव्हर

दोनशे चाळीसचं कव्हर
सेलूच्या स्टेशन रोडवरून आणलं.
लावायचे साठ वेगळे, दुकानातला पोरगा म्हणाला.
साठ कशाचे बाबा,
दहाचा पाना घरात आहे.

प्रयाग म्हणाली, पाना आहे खरा.

मे महिना. नवं रेक्झिन आधी पत्र्यावर टाकलं
पापडासारखं.
तापलं की ऐकतं, गफूरचाचा सांगून गेले होते,
थंड रेक्झिन सख्ख्या बापाचं ऐकत नाही.
पकड त्यांचीच, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.

सीट काढून ओट्यावर उताणी पाडली.
पोटाला पिनाच पिना, गंजून काळ्या.
एकेक उचकटायची, पकडीनं ओढायची,
ताटलीत टाकायची, टण्ण.
चौऱ्याऐंशीपर्यंत मोजल्या,
मग मोजणं सोडून शिव्या दिल्या.

जुनं कव्हर निघालं.
त्याच्याखाली कव्हर.
मायबाई, प्रयाग म्हणाली, हिला परकर तरी किती!

खालचं मरून रंगाचं,
कधीतरी मधोमध उभं फाटलेलं,
आणि कुणीतरी हातानं शिवलेलं.
काळा दुहेरी दोरा, वाकळेचा टाका,
जाड, बोटाएवढा उंचवटा
डाव्या अंगाला.

म्हणजे सात वर्षं मी गाडीवर
उजवीकडं कलून बसतो ते ह्यामुळं.
मी कंबरेला तेल लावत होतो,
परभणीला जाऊन फोटोही काढला होता मणक्याचा.

प्रयागनं चष्मा आणला.
टाक्यावरनं बोट नेलं, परत आणलं.
डावरी होती, म्हणाली.
कोण?
शिवणारी. टाका बघा कुणीकडं कललाय.
आमच्या वर्गात होती एक,
तिच्या त्या हातावर गुरुजी पट्टी मारायचे.

गाडी घेतलेली जिंतूरच्या उद्धव कासाराकडून.
बांगड्यांची पेटी मागं आवळून
गावं करायचा तो, बोरीपासून चारठाण्यापर्यंत.
दोरीचे वळ अजून होते रेक्झिनवर, आडवे.
बाईचा हात नुसता धरून माप सांगायचा म्हणे,
सव्वादोन, अडीच.
पैसे दोनदा मोजून घेतले त्यानं,
किल्ली दिली आणि म्हणाला,
सीट तेवढी बदलू नका लवकर, पक्की आहे.
आम्हाला वाटलं, विकणारा असंच म्हणतो.

फोन लावू का त्याला?
काय विचारणार?
विचारतो की, तुमच्या घरी कोणी डावरं

वाक्य तिथंच अडलं.
आहे का, म्हणायचं,
का होतं का, म्हणायचं.
सात वर्षांत माणूस
ह्या शब्दातून त्या शब्दात जातं,
आपल्याला कोण कळवायला येतंय.

फोन खिशात ठेवला.
उन्हं ओट्यावर आली होती,
रेक्झिन मऊ पडलेलं, ऐकायच्या बेतात.
हे मरून काढून टाकू का, मी विचारलं.
कामून? राहू द्या की.
आणि तुमची कंबर आता शिकलीय.

मग ती ओढणार, मी पिना मारणार.
ओढ. अजून उलीसं. कोपऱ्याला घडी पडायलीय.
ओढायलेच की, तुम्ही मारा आधी!
दोन्ही पाय लावून तिनं असा हिसका दिला
की कव्हर बसलं एकदाचं, ढोलकीसारखं,
आणि हातातली हिरवी एक
कडकन्.

फुटली, मी म्हणालो.
वाढवली म्हणावं, ती म्हणाली.
आणि मरूनवर आता नवं काळं होतं,
वरून दाबलं तर बोटाला
उंचवटा लागत होता डाव्या अंगाला.

संध्याकाळी मोंढ्यापर्यंत चक्कर मारली.
घसरायलंय हो, मागून ती म्हणाली,
हळू घ्या.
मी कलून बसलेलो,
आता कशामुळं ते माहीत असून.

घरी आल्यावर ओटा झाडला.
एक वायसर उरलं होतं.
कुठलं ते सापडलं नाही,
गाडी तर चालते.
प्रयागनं ते देवळीत ठेवलं,
हिरव्या काचेच्या तुकड्याशेजारी.